लेथवर कातलेली मूठ

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सिल्वासाच्या एका कारखान्यात मी टर्नर होतो. धुळ्याकडून आलेलो, शहरातल्याच टोकरखाड्यात एका खोलीत एकटाच राहायचो. लग्न झालं नव्हतं, ओळखीही झाल्या नव्हत्या. सहा दिवस लेथच्या आवाजात निघून जायचे, रविवार मात्र जाता जायचा नाही. कपडे धुऊन, भात खाऊन झाला तरी दहाच वाजलेले असायचे. एखाद्या रविवारी तर दिवसभरात माझ्या तोंडून एक शब्दही निघालेला नसायचा.

आमच्या खात्यात जवळच्या किलवणी गावचा एक वारली हेल्पर होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. घरची शेती सांभाळून कामाला यायचा. साहेबापासून सगळ्यांना अरेतुरे करायचा आणि मला मिस्तरी म्हणायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा चहा पिताना तो म्हणाला, रविवारी बांधावरच्या ऐनाच्या फांद्या तोडायच्या आहेत, भाताच्या रोपांची जागा भाजायला. मी लगेच म्हणालो, मीही येतो, माझ्याकडे चांगला सुरा आहे. सुरा कसला! माझ्याकडे भाजी चिरायची सुरीसुद्धा धड नव्हती.

पण बोलून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सुटी झाल्यावर बाजारात गेलो. एका फेरीवाल्याकडे मिटणारे चाकू होते, चकचकीत, पण उघडल्यावर पातं खिळ्यापाशी लटलटायचं. ते फांदीवर मारणार कसं? एका दुकानात चामड्याच्या म्यानातला परदेशी सुरा होता. त्याची किंमत ऐकून तो मी आदराने परत ठेवला. शेवटी एका लोहारापाशी बसलो. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून तो पाती घडवायचा आणि बिनमुठीची विकायचा. मूठ ज्याने त्याने बसवायची, अशीच इकडची रीत. वस्तू हातात आली की खोड काढायची, हा माझा स्वभाव. मी खिशातून कानस काढली. लोहाराला ते रुचलं नाही. दोन पात्यांवर कानस चावली, म्हणजे पोलाद मऊ; तिसऱ्यावर घसरली. पाणी बरोबर बसलं होतं. पाठ जाड, लांबी वीतभर, मुठीत जाणारं शेपूट भक्कम. तेही माझ्या ऐपतीत. खोड काढायला जागाच नव्हती, याची मला थोडी रुखरुखच लागली.

मूठ मी जेवणाच्या सुटीत लेथवर कातली. शिसवीचा तुकडा, काटेकोर गोल, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलेली. खात्यातले चार जण येऊन हात फिरवून गेले. मला ते फार आवडलं.

रविवारी किलवणीला गेलो. पंधरा-वीस घाव बरे पडले. मग तळव्याला घाम आला, मूठ हातात फिरली आणि आडवं पडलेलं पातं फांदीवरून निसटून माझ्या नडगीला लागलं. हेल्परने कसलासा पाला चुरडून जखमेवर दाबला आणि मला अंगणात आणून बसवलं. धार कुठल्या अंगाला आहे हे गोल मुठीत हाताला कळत नाही. म्हणून विळ्या-कोयत्यांच्या मुठी चपट्या असतात, हे शेतावरच्या कुणालाही ठाऊक असतं. मापाचा व्हर्नियर घेऊन बसलेल्या मला तेवढं सुचलं नव्हतं. लाज वाटली, पण भीती त्याहून मोठी होती. आता हा मला पुन्हा बोलावणार नाही, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

त्याने माझी मूठ दगडावर ठोकून काढली, उलटसुलट बघितली आणि माझ्या हवाली केली. कुडाजवळून एक सुकं लाकूड उचललं.

"मिस्तरी, हात दाव."

माझा तळवा हातात घेऊन त्याने बोटं मिटवून पाहिली, उघडली, अंगठ्याने माप घेतलं. कित्येक महिन्यांत कुणी माझा हात असा हातात घेतला नव्हता. माप घेऊन झालं तरी मी तो तसाच पुढे धरून होतो.

लाकूड तासता तासता त्याने विचारलं, टोकरखाड्यात राहणाऱ्याला असला सुरा कशाला लागतो? काहीतरी थाप मारता आली असती, पण मारवेना.

"काही काम नाही याचं," मी म्हणालो. "रविवारी खोलीत बसवत नाही. तुझ्याकडे येता यावं म्हणून घेतला."

तो हसला नाही. पात्याचं शेपूट चुलीत तापवून त्याने नव्या मुठीत ठोकलं, धूर विरेपर्यंत थांबला.

"मंग असाच यायचा," तो म्हणाला. "त्याला सुरा कशाला पायजे?"

वर्षभराचे रविवार मी भिंतीकडे बघत काढले होते आणि नुसतं येऊ का, एवढं विचारणं मला जमलं नव्हतं. जखम फारशी दुखत नव्हती. तरी मी वाकून नडगीवरचा पाला दाबत बसलो, डोळ्यांतलं पाणी त्या दुखण्याचंच आहे असं त्याला वाटावं म्हणून.