मुळीचा भाव

शहापुरात माझा गवताचा धंदा नुकता कुठे उभा राहिला होता, तेव्हाची गोष्ट. बायको पहिल्या बाळंतपणाला मुरबाडकडच्या माहेरी गेली होती. मुलगी झाली, पण बायकोच्या पोटातल्या कळा थांबेनात. सासूबाईंनी खाटेखाली शेगडी ठेवून ओवा-बाळंतशेपाची धुरी दिली, निरगुडीच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळ घातली. शेवटी मला म्हणाल्या, "पाड्यावरच्या म्हातारीकडून मुळी आणा. तिच्यापुढं नारळ ठेवा, मागंल ते द्या. घासाघीस करू नका, औषधाचा गुण जातो."

भाव न करता मी कधी काडी घेतली नव्हती. म्हातारीनं आकडा सांगितला आणि माझं तोंड सुटलं. "रानातली मुळी, तुला फुकटच मिळते ना?"

तिनं निमूट कमी घेतलं. "ने बाबा. बायको तुजी हाय."

काढा पोटात गेला आणि दिवस कलता कलता बायकोला हुडहुडी भरली. अंग तापलं, ती बरळू लागली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "भाव केलात ना?"

"ताप काय भाव विचारून येतो?" मी ओरडलो. असलं काही मी मानत नव्हतो, आजही मानत नाही. तरी तिच्या सुकलेल्या ओठांकडे बघवेना. ही गेली तर ते माझ्यामुळेच, हे डोक्यातून जाईना.

नाक्यावर जीप होती. "आणखी शिटा येऊ दे, शेठ," जीपवाला म्हणाला. त्यानं सांगितलं ते भाडं कबूल केलं आणि तिला उचलून आत घातलं. वाटभर तिच्या नाकापुढं बोट धरून बसलो.

वारेचा तुकडा आत राहिला होता, ताप त्याचा, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. ती वाचली.

तिला घेऊन तिच्या माहेरी परतलो तर सासूबाईंची कथा गावभर पोचलेली: मागाहून त्यांनी म्हातारीचे पूर्ण पैसे नेऊन दिले, तिचे पाय धरले, म्हणून लेक वाचली. जीप कुणाच्या तोंडी नाही, डॉक्टर नाही, मी तर नाहीच. अजून प्रत्येक बारशाला हेच ऐकतो आणि डोकं फिरतं.

एकदा बायकोलाच विचारलं, "तुलाही तसंच वाटतं?"

"मला काय ठाऊक? मी कुठं शुद्धीवर होते," ती म्हणाली. "तुमचं बोट मात्र बर्फासारखं गार लागत होतं, अन् सारखं थरथरत होतं."