झाकलेला भाव

गेल्या लढाईच्या वेळी घोडेगावच्या बैलबाजारात एक साध्या कपड्यातला पोलीस यायचा. नाव त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मळकी टोपी, हातात गार झालेला चहा. घोळक्यामागं राहून लोकांचं बोलणं ऐकायचा आणि उभ्या उभ्या पेंगायचा. कोणी हेर दिसला तर वर कळवायचं, हे त्याचं काम.

आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून होतो, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. एका व्यापाऱ्याशी माझ्या बैलाचा सौदा असाच जुळत आला होता, तेवढ्यात हा आला.

"बाबा, उपरणं काढा. खाली काय चाललंय?"

"भाव चाललाय. न्हाई काढनार."

"नवा कायदा हाय. नुसत्या संशयावर आत घालत्यात."

"घाल की. बैलालाबी घे संगं, त्याला वैरन कोन टाकंल?"

लोक हसले. तो हसला नाही. डोळे मिटून त्यानं आपलाच हात उपरण्याखाली घातला, आमची बोटं चाचपली आणि काढून घेतला.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला. "पन वरचे इचारत्यात, काय न्हाई तर झाकलं कशाला? काय सांगू त्यास्नी?"

"आमचं हाय म्हनून झाकलं, असं सांग."

थकल्यासारखी मान हलवून तो पुढच्या घोळक्याकडे गेला.

व्यापाऱ्यानं मात्र हात आखडला. तिसऱ्यानं चाचपलेला भाव त्याला नको होता. लढाई होती, पहारा पाहिजेच, एवढं मलाही कळतं. तरी विकायला नेलेला बैल मी परत हाकत आणला, आणि भाव कुठवर आला होता ते घरच्यांनाही सांगितलं नाही.