कानस

परवा एका वर्कशॉपवरून जाताना घासलेल्या लोखंडाचा वास आला आणि नगरचं टेक्निकल हायस्कूल आठवलं. बहात्तर साली मी तिथे आठवीत होतो. कानसकामात नापास झालो असतो, तर नववीला टेक्निकल मिळालं नसतं आणि नागापूरच्या कारखान्यातली नोकरीही.

कानसकाम शिकवणाऱ्या सरांनी केडगावहून माझ्या वडिलांना, दादांना, बोलावून घेतलं. ते लोहार. मी घासलेला तुकडा सरांनी सगळ्या वर्गादेखत त्यांच्यापुढे आपटला.

"कानस पुढे जातानाच कापते. हा मागेपुढे घासतो, विळ्याला धार लावल्यासारखा! कुठल्या गाढवानं शिकवलं याला?"

दादांनी टोपी काढली. "म्या शिकवलं, सायेब. आमी असंच करतो. त्याला नका बोलू."

पोरं हसली. सरही हसले. "मग घरी भट्टीचा भाताच ओढू द्या त्याला!"

पुढे मी पास झालो, कॉलेजातही गेलो. आमच्या घरातला पहिलाच. कानशीचं सर बरोबर सांगत होते, हे मला मान्य आहे. पण त्यांच्या त्या हसण्याची चीड अजून जात नाही. त्या दिवशी मात्र मला राग आला होता तो दादांचा. केडगाव येईपर्यंत मी त्यांच्या दहा पावलं पुढे चालत राहिलो.