रावीचं नाव विचारायचं राहिलं

वास मला आधी आला. घरात बाकी कुणाला तो जाणवलाच नव्हता, की जाणवूनही सगळे गप्प होते, हे मला आजही ठरवता येत नाही. सकाळी ह्यांच्या पायाची पट्टी बदलायला बसले, चिकटलेला कापूस हलक्या हातानं सोडवला आणि गोडसर, कुजका भपकारा नाकात शिरला. मधाचा वास त्यात होता, पण नुसत्या मधाचा तो नव्हता. अंगठ्याशेजारचं बोट काळपट पडलं होतं. मी बिस्मिल्लाह म्हणून नवी पट्टी बांधली, उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. ह्यांचा साखरेचा आजार जुना. चपलेचा अंगठा घासून जखम झाली ती भरेचना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बोट काढावं लागेल, उशीर केलात तर पाय जाईल. आणि हे पलंगावर पडून शांतपणे म्हणत होते, "हुजूरांनी मना केलंय. जखमेला मध लावायचा, सबर करायचा, पण लोखंड लावायचं न्हाय. हदीस हाय."

आज हे लिहिते आहे ती मी चार नातवंडांची दादी आहे आणि माझी जीभ घरात सगळ्यांना पुरून उरते. पण त्या वेळची मी! नुकतीच आजी झाले होते आणि आजी झालं की अक्कल आपोआप येते, अशी त्या बाईची समजूत होती. गल्लीत कुणाकडे काय शिजलं, कुणाची सोयरीक का मोडली, कोण कधी खोटं बोललं, याची सगळी खबर तिच्याकडे. हे चिडायचे, "गीबत करू नको, पाठीमागं वाईट बोलणं हराम हाय." ती तौबा करायची आणि दुपारी पुन्हा ओट्यावर जाऊन बसायची. कांदे घेताना एकेक कांदा दाबून बघणारी ही बाई, पण "हदीस हाय" हे दोन शब्द, म्हणजे हे हुजूर पैगंबरांचं बोलणं आहे, असं कानावर पडलं की खाली मान. कुणी सांगितलं, कुठं ऐकलं, एवढंसुद्धा विचारायची हिंमत नाही.

हसू येतं आता, पण तेव्हाची भीती खोटी नव्हती. ती दोन्हीकडून यायची. गप्प बसावं तर माझ्या डोळ्यांदेखत पाय जातो, कदाचित माणूसच जातो. बोलावं तर हुजूरांच्या शब्दाला मी नाही म्हटलं असं होतं, मग माझ्या नमाजाचं, माझ्या रोज्यांचं काय? कयामतच्या दिवशी कुठल्या तोंडानं उभी राहू? जानमाजवर, नमाजाच्या चटईवर बसले की हात वर जायचे आणि दुआ मात्र निघायची नाही. काय मागू? हदीस खोटी निघू दे असं मागायचं? तो विचार मनात आला त्या दिवशी मी स्वतःलाच इतकी घाबरले की घाईघाईनं जानमाज गुंडाळून ठेवला.

शेवटी मी ठरवलं, गप्प बसायचं. निदान वास कमी होईल असं एखादं मलम आणावं म्हणून दवाखान्यात गेले. लाकडी बाकावर बसले, नंबर यायला वेळ होता, आणि बसल्या बसल्या डोळे वाहायला लागले. शेजारी माझ्या मुलीच्या वयाची एक बुरखेवाली आपल्या आईला घेऊन आली होती. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. "खाला, पाणी घ्या. कोण आजारी हाय?" एरवी मी अनोळखी माणसाला सांगण्याआधी त्याचंच सगळं काढून घेते. त्या दिवशी मात्र मीच भडाभडा सगळं ओकले.

तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "हदीस हाय म्हणता, पण कुणाकडनं ऐकली?"

"तौबा! हुजूरांच्या बोलण्यावर शंका घ्यायची?"

"हुजूरांवर न्हाय हो खाला. सांगणाऱ्यावर."

ती मुलींच्या मदरशात शिकवत होती. माझा नंबर येईपर्यंत तिनं मला जे सांगितलं ते मी आयुष्यभर मुसलमान असून कधी ऐकलं नव्हतं. हुजूरांचे साथी त्यांचं बोलणं पाठ ठेवायचे, काही जण लिहूनही ठेवायचे. पुढच्या पिढ्यांनी ते गोळा केलं, एकेका बोलण्यासाठी वाळवंटं तुडवली, आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न हाच, तू कुणाकडून ऐकलंस, आणि त्यानं कुणाकडून? अशी नावांची साखळी थेट हुजूरांपर्यंत पोचायला हवी. तिला सनद म्हणतात, आणि साखळीतल्या प्रत्येक सांगणाऱ्याला रावी. मग रावीची पारख. माणूस खरा आहे का, लक्षात नीट राहतं का, कोणत्या गावचा, जन्मला कधी, वारला कधी, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला कधी भेटला तरी होता का. नेक माणूस, पण विसरभोळा असला, तर त्याचं सांगणं बाजूला ठेवायचे. त्यासाठी लोकांचे दोषही उघड बोलावे लागत. जाणत्या आलिम लोकांनी त्याला गीबत धरलं नाही, दीनाची, धर्माची राखण धरलं.

मी डोळे पुसता पुसता थांबले. "म्हणजे पाठीमागं बोलायला परवानगी हाय?"

ती हसली. "एवढ्यापुरतीच, खाला. शेजारणीच्या भाजीसाठी न्हाय."

मग गंभीर होऊन म्हणाली, "मध चांगलाच. कुरआनात त्यात शिफा, बरं करायचा गुण असल्याचं आलंय. पण आजारावर इलाज करा, हे हुजूरांचं सांगणं बी पक्क्या सनदीनं आलेलं हाय. लोखंड नको, हे माझ्या वाचण्यात आलं न्हाय. माझं वाचणं थोडं हाय, म्हणून तुमी सांगणाऱ्यापर्यंत जावा. आपल्याकडनं व्हईल तेवढं करा, मग अल्लाहवर सोडा. करायच्या आधीच सोडू नका." तेवढ्यात माझा नंबर पुकारला. मी आत जाऊन आले तोवर बाक रिकामा होता.

ह्यांना ती हदीस सांगितली होती गफूरभाईंनी, आमच्या मशिदीतल्या ह्यांच्या जोडीदारानं. माणूस पाच वक्ताचा नमाजी, खोटं त्यांच्या तोंडातून निघायचं नाही. पण हेच गफूरभाई एकदा एसटी स्टँडवर बायकोला बसवून तंबाखू आणायला गेले आणि तसेच एकटे घरी आले, हे अख्ख्या गल्लीला मीच सांगितलेलं. त्यांच्या दारात उभी राहिले आणि कडी वाजवली. पन्नाशी उलटली, पण कुणाला असला प्रश्न विचारला नव्हता.

"गफूरभाई, ती मधाची हदीस तुमी कुणाकडनं ऐकली?"

"हाफिजसाहेबांचं सांगणं हाय ते, भाबी. आन् हाफिजसाहेब बोलले म्हणजे हदीसच की."

आमच्या मशिदीचे जुने इमाम, हाफिजसाहेब. अल्लाह त्यांना जन्नत देवो, फार मोठा माणूस. "तुमी स्वतः त्यांच्या तोंडनं ऐकलं?"

"मी न्हाय. यासीननं ऐकलं. यासीन जॉबर."

यासीन म्हणजे जेऊरहून आलेला, अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती बघणारा. मी रिक्षात बसले आणि सगळा रस्ता भीतीनं गार पडले होते. समजा यासीननं खरंच ऐकलं असेल तर? हाफिजसाहेबांनी एखाद्या मोठ्या आलिमाकडून आणि त्यांनी त्यांच्या उस्तादाकडून ऐकलं असेल तर? मग मी चालले आहे ती कुणाला खोटं पाडायला? तोंडात दरूद चालू होता, हुजूरांसाठीची दुआ. रिक्षा एमआयडीसीत वळली तेव्हा मला यासीनचं लग्न आठवलं. सून सासरी नांदायला येते तसा हा जावईच लग्न करून सासरी सोलापूरला राहायला आला, म्हणून आम्ही बायकांनी त्याला किती छळलं होतं. त्याआधी तो इथं नव्हताच. आणि निकाह? निकाह नव्या इमामसाहेबांनी पढवला होता. हाफिजसाहेबांचा जनाजा त्याच्या कितीतरी आधी उठला होता. आयुष्यभर ज्या चोंबडेपणाची तौबा करत आले, तो त्या रिक्षात माझ्या कामी आला.

पाळी सुटत होती. सायकली, मोटारसायकली फाटकातून बाहेर पडत होत्या. यासीन आला, केसांत, भुवयांत कापसाचे तंतू, आणि मागांच्या आवाजात राहून सवय झालेली म्हणून माझ्याशीही ओरडूनच बोलत होता.

"हाफिजसाहेबांना मी कुटं बघितलंय, खाला? माझा निकाह नव्या इमामांनी पढवला की! माझ्या बापाचं नाव चुकलं त्यांचं, तर तुमीच पडद्यामागनं खदाखदा हसत होता."

"मग ते मधाचं?"

"सासरे सांगायचे, हाफिजसाहेब खरचटलं-बिरचटलं तर मध लावायचे म्हणून. तेवढंच मी गफूरचाचांना बोललो."

"आणि लोखंडाचं?"

"लोखंडाचं न्हाय बा. ते मी कशाला बोलू?"

त्यानं मला मोटारसायकलवर मागं बसवून घरी आणलं, कारण हे ह्यांना मी सांगून उपयोग नव्हता. त्यानं पलंगापाशी उभं राहून जसं मला सांगितलं तसंच सांगितलं. तो गेल्यावर मी विचारलं, "मग लोखंड नको, हे गफूरभाई बोलले का?" ह्यांनी भिंतीकडं तोंड वळवलं. म्हणाले, "मला वाटलं होतं, बोलले. आता आठवंना. का माझ्याच मनात आलं काय की."

मी अख्खं सोलापूर पालथं घालून आले आणि शेवटचा रावी माझ्याच घरात निजला होता. त्याची पारख करायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. साध्या सुईला डोळे गच्च मिटून घेणारा माणूस हा, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक? ते रडायला लागले. "हुजूरांच्या नावावर मी माझी भीती लावली गं. मला चाकूची लई भीती वाटती." मी त्यांचा हात धरला. "मला बी वाटती," म्हटलं. "पण ती आपली हाय. आपल्याच नावावर राहू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं. दार बंद झालं आणि मला वाटलं होतं तशी शांती वगैरे काही आली नाही. आधीसारखीच घाबरलेली होते. फरक एवढाच की आता दुआ निघत होती. माझ्याकडून होतं तेवढं झालंय, आता तू, एवढंच. भीती गेली नाही, पण ती घेऊन जायला एक जागा मिळाली. दोन बोटं गेली, पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर पाय गुडघ्यापर्यंत कापावा लागला असता. आज हे काठी टेकत मशिदीत जातात, आणि गफूरभाई त्यांना तिथं विसरून येऊ नयेत म्हणून मी दारात उभी असते.

त्या मुलीला शोधायला मी खीर घेऊन त्या दवाखान्यात गेले, माहितीतल्या दोन मदरशांत विचारून आले. कुणाला माहीत नव्हती. विचारणार तरी काय? गल्लीतल्या प्रत्येकाच्या आजोळापर्यंतची खबर ठेवणाऱ्या मला तिचं नाव विचारायचं सुचलं नव्हतं. तिनंच शिकवलेल्या पारखीनं बघितलं तर माझी ही हकिकत कमजोर ठरते, साखळीतला एक रावी अनोळखी आहे. ठरू दे. ती कोण होती, कुणी पाठवली होती, यावर मी काही बोलत नाही. तुम्ही ही कुणाला सांगितलीत तर ऐकली तेवढीच सांगा, पदरचं घालू नका. सांगणारी कशी होती असं कुणी विचारलं तर तेही खरं सांगा, चोंबडी होती, भित्री होती, पण हे तिच्या डोळ्यांसमोर घडलं.

पहाटे फजरच्या नमाजानंतर मी एकेकाचं नाव घेऊन अल्लाहकडं दुआ मागते. तिच्यापाशी आले की नावाच्या जागी थांबते. ते नाव त्याला माहीत आहे.