उलट्या पावली

आमच्या लालबागच्या मंडळाची मूर्ती परळच्या कारखान्यातून येते, तेव्हा ट्रॉलीपुढे एक माणूस उलट्या पावली चालतो. तोंड मूर्तीकडे, पाठ रस्त्याकडे. जोर लावणाऱ्या पोरांनी फक्त त्याच्याकडे बघायचं. हात खाली असला की चालायचं, वर गेला की थांबायचं.

कितीतरी वर्षं हे काम आमच्या चाळीतल्या काकांनी केलं. मिलमधल्या साच्यात, म्हणजे कापड विणायच्या मागात, सापडून त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा कायमचा आत वळलेला. तो हात लांबूनही ओळखू यायचा. तोंडातून चकार शब्द नाही. ढोलताशात तोंड कुणाला ऐकू येतं, म्हणायचे.

त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हाच दादरच्या ऑफिसात माझं लीडरशिपचं ट्रेनिंग झालं होतं. आत्मविश्वास, ठाम आवाज, दूरदृष्टी. उलटं चालणाऱ्याला कसली डोंबलाची दूरदृष्टी! आवाज मात्र माझा खणखणीत. पोरं आपल्याला मानतील की नाही या धास्तीने मी सकाळपासून घसा फोडत होतो.

भर दुपारी लालबागला पोचता पोचता मी "चला, चला रे" ओरडलो आणि ट्रॉली जागच्या जागी थांबली. माझं डोकंच सटकलं. कुणी थांबायला सांगितलं, म्हणून पुढच्या गड्यावर खेकसलो. तो माझ्याकडे विचित्रच बघत राहिला.

"तूच हात वर केलास ना."

माझा हात खालीच होता. शपथेवर सांगतो, खालीच होता. रागाने मी एक पाऊल मागे टाकलं, तर टाचेखाली प्लायवुड करकरलं. उचलून पाहिलं तर खाली पाइपसाठी खणलेला, माणूस उभा मावेल एवढा खड्डा. माझं वजन फळीने पेललं असतं, ट्रॉलीचं नाही. अख्खी मूर्ती पोरांच्या अंगावर आली असती.

मग कुणीतरी मोबाईलवर केलेलं शूटिंग दाखवलं. तोंडाने मी चला म्हणतोय, आणि डावा हात सरळ वर. अंगठा आत वळलेला. मी तो पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिला. माझा अंगठा धडधाकट आहे हो.

मूर्ती मांडवात बसल्यावर मी व्हिडिओ मागून घेतला आणि तडक करी रोडला गेलो. काका आता तिथल्या टॉवरमध्ये मुलाकडे राहतात. काकू त्यांच्या डाव्या दंडाला तेल चोळत बसल्या होत्या. दुपारी अचानक हात वर केला आणि काही केल्या खाली घेईनात, आता खांदा ठणकतोय, अशी त्यांची कुरकुर चालली होती. मी अजून काहीच सांगितलं नव्हतं, मोबाईल खिशातच होता.

काकांनी मला जवळ बसवलं. थकलेले दिसत होते. मग हळूच म्हणाले,

"झिला, एवढो बोंबलतंस कशाक?"