आठ पॉइंट शून्य पाच

कारध्याचे परसराम मेश्राम वीस वर्षं आसपासच्या शंकरपटांत, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींत, स्टॉपवॉच धरून बसत. बैलजोडी सुटली की बटण, रेषेवर पोचली की बटण. त्यांच्या निकालावर कधी कोणी बोट ठेवलं नाही. मग मोतीबिंदू झाला आणि त्यांनी आपणहून समितीला सांगितलं, "आता मले रेष बरोबर दिसत नाही. दुसरा माणूस पाहा."

त्यांची मुलगी तृप्ती भंडाऱ्याच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक होती. तिने माणूस शोधला नाही, घड्याळच बनवलं. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना प्रकाशाचे सेन्सर, एक खोकं, वर लाल आकड्यांची पाटी. आत सी भाषेतला तिचा प्रोग्राम. सुरुवातीला पाटीवर भलतंच काही उमटे. खोक्यातून वेळ यायची ती अक्षरांच्या रूपात, आणि आठ हे अक्षर यंत्राच्या लेखी छप्पन्न असतं. अक्षराचा खरा आकडा करायची युक्ती बसवायला तिला चार दिवस लागले. पाटीवर पहिल्यांदा नीट आठ उमटला तेव्हा प्रयोगशाळेत एकटीच असूनही तिने टाळी वाजवली.

जानेवारीत मोहाडी तालुक्यातल्या एका गावच्या पटावर ते घड्याळ लागलं. समितीचे अध्यक्ष केशवराव यांची स्वतःचीच जोडी दुपारपर्यंत पुढे होती, ८.३१ सेकंद. मग जागेश्वर नावाच्या लहानशा शेतकऱ्याची जोडी सुटली. बैल अक्षरशः उडत आले, लोक उभे राहिले. पाटीवर आलं ८.५.

"अरेरे, थोडक्यात गेली," कोणीतरी म्हणालं. जागेश्वर मान खाली घालून कासरे गुंडाळू लागला.

तृप्तीची नजर मात्र पाटीवरच होती. बाकी सगळ्या वेळांत टिंबापुढे दोन आकडे होते, इथे एकच. तिने लॅपटॉप उघडला. खोक्याकडून आलेली नोंद होती ८०५. म्हणजे आठ सेकंद आणि वर शतांश पाच. प्रोग्रामने तो पाच नुसताच छापला होता, आधीचं शून्य गाळून. तिने सगळ्या चाचण्या घेतल्या होत्या, पण त्या जागी शून्य येईल अशी एकही नाही. दुरुस्ती एका ओळीची होती: दोन घरं ठेव, रिकामं घर शून्याने भर. ती तिने तिथेच लिहिली.

बाजूला बसलेल्या वडिलांना तिने हळूच सांगितलं. ते म्हणाले, "चूक दिसली तं सांगाचीच असते, बेटा. पटावर मी माही चूक दोनदा सांगतली होती."

ती मंचावर गेली. "काका, जागेश्वरभाऊंची वेळ चुकीची लागली. आठ पॉइंट पाच नाही, आठ पॉइंट शून्य पाच आहे."

केशवरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आता काहून सांगून राहिली? घड्याळ कोणाचं?"

"माझं."

"मंग चूक कोणाची?"

"तीही माझीच, काका. खोक्याची मूळ नोंद आहे, सगळ्यांसमोर पुन्हा दाखवते."

केशवराव पाटीकडे वळले. मग म्हणाले, "दाखव."

तिने तीच नोंद पुन्हा पाटीवर सोडली. ८.०५. मैदानात शिट्ट्या सुरू झाल्या. केशवरावांनी माइक स्वतःच्या हातात घेतला. "पहिला नंबर जागेश्वरचा. माझी जोडी दुसरी. आन् हे घड्याळ कारध्याच्या परसरामच्या पोरीनं बनवलं, ऐकून घ्या सारे!"

जागेश्वर पळत आला आणि त्याने तृप्तीला हात जोडले.

त्या हंगामात आणखी तीन गावांनी तिला बोलावलं. आता ती पट सुरू व्हायच्या आधी शून्यांच्या वेळाही पाटीवर चालवून पाहते, समितीच्या माणसांना समोर उभं करून.

पण त्या पहिल्या दिवशी, परतीच्या एसटीत, कंडक्टरने तिकिटाचं विचारलं तेव्हा परसरामांनी आधी त्याला सगळा पट सांगितला, आणि मग कारध्याची दोन तिकिटं मागितली. तृप्ती खिडकीबाहेर पाहत होती. तिला हसू आवरत नव्हतं.