दोन तृतीयांश डाव

व्हर्ना हॅलोरन म्हणजे आमच्या नेब्रास्कातल्या गावची गणिताची बाई, आणि एकोणीस उन्हाळे आमच्या बेसबॉल संघाची गुणलेखक. तिच्या वहीत चूक काढणारा अजून जन्मायचाय. आणि अशा बाईला लीगच्या कचेरीतला कारकून म्हणतो, आमचं यंत्र चुकत नाही! आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

झालं काय, की आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, डेल ऑस्गुड, धान्याच्या कोठारावर पोती उचलणारा, त्याला मोठ्या क्लबच्या शिबिराला जायचं होतं. अट एकच: नऊ डावांमागे पिचरच्या माथी तीनपेक्षा कमी धावा. इतरांच्या गलथानपणानं गेलेल्या धावा सोडून डेलच्या माथी मोसमभरात तेवीस. तेवीस नव्वे दोनशे सात, भागिले बहात्तर डाव: २.८८. आणि कचेरीच्या यादीत ३.०५! पोराचं नावच कापलेलं.

मी दुधाची गाडी काढली आणि बाईला घेऊन तडक कचेरी गाठली. कागद बघताच तिनं कपाळावर हात मारला. तीन गडी बाद झाले की एक डाव. म्हणून सहा डाव आणि वर दोन बाद, हे आम्ही ६.२ असं लिहितो. ते टिंब नुसती खूण, दशांशचिन्ह नव्हे. नऊ सामन्यांत डेलच्या नावावर असे वरचे दोन-दोन बाद होते. म्हणजे अठरा बाद, त्यांचे होतात सहा डाव. या दीडशहाण्यानं यंत्रात नऊ वेळा ०.२ घालून केले १.८. पोराचे चार डाव सरळ गिळले मेल्यानं!

बाईनं त्याच्याच पेन्सिलीनं सगळं मांडून दाखवलं. तो ओशाळला, आकडा दुरुस्त केला, शिक्काही मारला. पण यादी सोमवारीच क्लबकडे गेली होती.

"मग फोन करा," बाई म्हणाली.

"एका पोरासाठी? पुढच्या वर्षीच्या पुस्तकात बरोबर छापू की."

"पुढच्या वर्षी तो सव्वीसचा होईल. पंचविशीपुढे ते घेत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे."

त्यानं जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली आणि खिडकी ओढून घेतली. त्याचं सँडविच थांबायला तयार नव्हतं ना!

बाईनं तो कागद कोठारावर जाऊन डेलच्या हातात दिला. त्यानं दोनदा वाचला.

"म्हणजे मला घेतलं असतं, बाई?"

"हो रे. घेतलं असतं."

त्यानं कागद खिशात घातला आणि पुढचं पोतं उचललं.